उजवा कान

मंगळवारी दुपारी फॉल रिव्हरच्या ग्रंथालयात
रेडिएटरजवळच्या टेबलाशी
लोकांचे फॉर्म भरून द्यायला बसतो मी.
इदालिना फुर्तादो आली ती ओला स्कार्फ न सोडताच.
पर्समधून ब्रेडची पिशवी, पिशवीतून रुमाल,
रुमालातून कार्ड.
"हे मेलंय का जिवंत आहे, एवढंच सांग."

लायसनच्या खिडकीतल्या पोराने म्हणे
ते उलटंपालटं केलं, उजेडात धरलं,
साहेबाला बोलावलं. साहेबही त्याच्याच वयाचा.
मुदत कुठाय, आजी?
मुदत नाही त्याला, ती म्हणाली.
असं काही नसतं, साहेब म्हणाला.

सन एकोणीसशे त्र्याऐंशी.
म्हणायचं ग्रीन कार्ड, पण हिरवं कुठेच नाही;
खूपदा धुतलेल्या उशीच्या अभ्र्याचा रंग,
कोपऱ्यात प्लास्टिकचा पापुद्रा सुटलेला,
आणि फोटोत अडतिशीतली बाई
मान किंचित वळवून, उजवा कान पुढे करून.
तेव्हा नियमच होता, कान दिसला पाहिजे.
फोटोवाल्याने स्वतःच्या हाताने केस मागे सारले.
"एर्मिनियो बाहेर गाडीत बसला होता.
त्याला अजून नाही सांगितलं मी."
एर्मिनियोला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी वाचून दाखवलं, दोनदा, दुसऱ्यांदा सावकाश:
ज्या जुन्या कार्डांवर मुदतीची तारीख नाही
ती अजून चालतात.
बदललीच पाहिजेत असं नाही.
बदललेली बरी, असंही खाली आहे.
"म्हणजे हो की नाही?"
म्हणजे कायद्याला चालतं, मावशी.
खिडकीतल्या पोराला चालत नाही.

"नव्यावर तारीख असेल?"
असेल. दहा वर्षांपुढची.
ऐंशीत तिने दहा मिळवले, ओठांतल्या ओठांत.
"म्हणजे आधी ते संपतं की मी, अशी पैज.
आणि पैजेचे पैसेही मीच भरायचे."

बोटांचे ठसे लागतील, मी म्हणालो.
तिने दोन्ही पंजे टेबलावर उताणे ठेवले.
पडद्यांच्या कारखान्यात तेवीस वर्षं
काठ दुमडून दुमडून गुळगुळीत झालेली बोटं,
घासलेल्या नाण्यांसारखी, राजा गेलेला.
"ठसे माझ्याकडे नाहीत.
लोकांच्या खिडक्यांना लटकतायत."

आमच्यात सटवाई येते म्हणतात सहाव्या रात्री,
कपाळावर सगळं लिहून जाते, तारखेसकट,
फक्त वाचू देत नाही.
या बाईच्या कपाळावर कुणा कारकुनाने
रकानाच आखला नव्हता.
माझ्या पाकिटातल्यावर येत्या मार्चची तारीख आहे,
ठळक, चष्म्याशिवाय वाचता येणारी.
हे मी तिला बोललो नाही.

"जुनं परत देतात?"
नाही बहुतेक. जमा करावं लागतं.

मग बराच वेळ ती कार्डातल्या कानाकडे बघत राहिली.
कानात एक बाळी होती, बारीक.
आईची. बेटावरून निघताना दिलेली.
त्याच हिवाळ्यात बॉयलर फुटला
आणि जोडी विकली, बेडफर्ड स्ट्रीटवर,
मोलभाव न करता.
"आता एवढीच आहे," ती म्हणाली. फोटोतली.

झेरॉक्स काढ म्हणाली. मोठी.
दहा सेंट तिने मोजून दिले, पाच-पाचचे दोन.
मशीनमधून कान बाहेर आला बशीएवढा,
बाळी काळीकुट्ट, बांगडीसारखी.
तिने कागदाची घडी रुमालात घातली,
रुमाल पिशवीत, पिशवी पर्समध्ये,
आणि फॉर्म तसाच टेबलावर टाकून निघून गेली.

कार्ड काचेवर उपडं राहिलं होतं.

पळत गेलो. बसथांब्यावर उभी होती,
नदीकडून वारा सुटलेला.
मावशी, मी ओरडलो, अहो हेच तर लागतं,
हे चालतं अजून, हे टाकू नका.
तिने स्कार्फ उजव्या कानावरून मागे सारला,
मान किंचित वळवली.
काय म्हणालास?